कुठल्या महिन्यात?

2025 च्या मे महिन्यात कोल्हापूरला ताईकडे गेले होते. संध्याकाळची वेळ, वळीव येऊ की नको करत होता, आणि भाची फुटबॉलच्या प्रॅक्टिसवरून आली. दारातच स्टड काढले, मोजे उलटे करून झटकले, पायरीवर सगळी माती, ताई आतून ओरडतीये आणि हिचं लक्षच नाही. गुडघा चांगलाच खरचटलेला. तो तसाच ठेवून पाण्याची बाटली अर्धी संपवली आणि मला म्हणाली, "मावशी, ती इंडियावाली लीग असती की पोरींची, ती कुठल्या महिन्यात असती?" मी म्हटलं, का गं? तर म्हणते, "पुढच्या वर्षी दहावी हाय न्हवं. बोर्डाच्या परीक्षेतच आली तर काय करायचं?" ताई हसायला लागली. मला काही हसू आलं नाही. दहावीतल्या पोरीला नॅशनल लीगला कोण बोलावणार वगैरे विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता, तिला फक्त महिना पाहिजे होता, आणि मी ही इंडियन विमेन्स लीग पहिल्या सीझनपासून बघत आलीये, मोबाईलवर, ऑफिसात एका कानात इयरफोन घालून, स्ट्रीम अडकलं की तीन-तीनदा रिफ्रेश करून, तरी मला महिना सांगता येईना. "बघून सांगते" म्हटलं. पण बघायचं काय, सगळं पाठच होतं, म्हणून तर सांगता येत नव्हतं.

कारण पहिला सीझन झाला 2017 च्या जानेवारी-फेब्रुवारीत, दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर. सहा टीम. फायनल 14 फेब्रुवारीला, मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने कटकच्या रायझिंग स्टुडंट्सना 3-0 हरवलं. दुसरा 2018 चा, मार्च-एप्रिलमध्ये शिलाँगला, फायनलला पुन्हा त्याच दोन टीम आणि या वेळी कटकच्या पोरी पेनल्टीवर जिंकल्या. तिसरा 2019 चा, मे महिन्यात, लुधियानात, पंजाबातलं मे महिन्याचं ऊन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. चौथा परत जानेवारी-फेब्रुवारीत, बंगळुरूला. मग कोविड. मग 2022 ला एप्रिल-मे, भुवनेश्वर. 2023 ला एप्रिल-मे, अहमदाबाद. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुढचा सीझन सुरू झाला तो मार्च 2024 पर्यंत चालला. त्यानंतरचा जानेवारी ते एप्रिल 2025. आता यातून त्या पोरीला कुठला महिना सांगायचा?

आमच्याकडे ऊसवाल्याला विचारा, कारखाना कधी पेटणार, तो आठवड्याचा अंदाज चुकू देत नाही. टोळ्या कधी येणार, ट्रॅक्टर कधी लागणार, बिलाचे पैसे कधी आणि त्यातून कुठलं लग्न उरकायचं, सगळं त्या हंगामाला बांधलेलं असतं. पोरांच्या फुटबॉलचं पण कोल्हापुरात थोडंफार तसंच. थंडी पडायला लागली की शाहू स्टेडियम जागं होतं, पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, शिवाजी तरुण, खंडोबा या तालमींच्या टीम, कुणाची मॅच कुणाशी आहे हे पेठेतल्या चहाच्या गाड्यावर पण माहीत असतं. माझे दोन्ही मामेभाऊ त्या दिवसांत जेवायला घरात सापडायचे नाहीत. मी लहान असताना त्यांच्यामागे लागून एकदा स्टेडियमला गेले होते, कडेला शेंगदाण्याच्या पुड्या, हलगी, पायऱ्यांवर माणसाला माणूस चिकटलेला, आणि सगळीकडे शिट्ट्या. खेळणारी पोरं आमच्यासारख्याच घरातली, कुणी गॅरेजमध्ये कामाला, कुणी बँकेत शिपाई, पण हंगामात ती पेठेची पोरं होती. त्यांना हळदीचं दूध, अंडी, मटण कोण ना कोण पोचवायचं. खेळाडू नुसता पायातनं तयार होत नाही, त्याच्या आजूबाजूच्या माणसांना त्याचं वेळापत्रक पाठ असावं लागतं, हे मला तिथं कळलं.

बायकांच्या लीगला पहिली सहा-सात वर्षं असं काही मिळालंच नाही.

म्हणजे लीग होती, पण होती कशी, तर सगळ्या टीम एका शहरात न्यायच्या, हॉटेलात उतरवायचं, दोन-तीन दिवसांआड मॅच लावायची आणि महिन्याभरात कप देऊन घरी पाठवायचं. मी तेव्हा ते खूप आवडीने बघायचे, खोटं कशाला सांगू. रोज मॅच असायची. दुपारची जेवणं झाली की लावायची. बहुतेक वेळा स्टेडियम रिकामं, त्यामुळे माईकवर सगळं ऐकू यायचं, गोलकीपरचं "मॅन ऑन, मॅन ऑन", बेंचवरून मणिपुरीत, तमिळमध्ये, मल्याळममध्ये ओरडणं, बॉल पोस्टला लागला की तो टण्ण आवाज. पुरुषांच्या मॅचला हे ऐकायला मिळत नाही, गर्दीच्या आवाजात सगळं जातं. मला तो आवाज आवडायचा आणि तो ऐकू येतोय याचंच वाईटही वाटायचं. आणि तिसऱ्या-चौथ्या मॅचला बघितलं की पोरींच्या मांड्यांना, घोट्यांना टेप वाढलेला दिसायचा. एक मॅच झाली, दुखापत झाली, तर बरं व्हायला वेळच नाही, तोवर लीग संपली. वर्षभर मेहनत करायची आणि पंधरा दिवसांत हॅमस्ट्रिंग ओढला गेला की वर्ष गेलं. हरल्यावर सुधारायला पण वेळ नाही. लीगमध्ये सातवा आठवडा, अकरावा आठवडा असतो, टीम गडबडते, कोच काहीतरी बदलतो, एखादी बदली खेळाडू अचानक रुळते, हे सगळं व्हायला महिने लागतात, आणि महिनेच नव्हते.

त्या दिवसांत आमच्या कोल्हापूरची पण टीम होती. एफसी कोल्हापूर सिटी. 2019 ला लुधियानाला आणि पुढच्या वर्षी बंगळुरूला खेळली. फॅमिली ग्रुपवर मी लिंक टाकली की मामेभावांचे अंगठे यायचे, एकाने लिहिलं होतं, "पोरी खेळत्यात राव". मला फार बरं वाटलं होतं ते वाचून. पण विचार करा, कोल्हापूरची टीम, जिथं फुटबॉलसाठी माणसं रजा टाकतात, ती टीम खेळली कुठं तर लुधियानाला आणि बंगळुरूला. शाहू स्टेडियमवर एक तरी होम मॅच झाली असती तर? त्या पायऱ्यांवर बसून ताईने, माझ्या मामीने, भाचीच्या वयाच्या पोरींनी ती टीम समोर बघितली असती तर? नंतर ती टीम लीगमध्ये दिसायची बंद झाली, आणि गावाला तिची चुटपुटही लागली नाही, कारण गावाने तिला खेळताना बघितलंच नव्हतं.

बंगळुरूच्या त्या सीझनची फायनल मला अजून जशीच्या तशी आठवते. 14 फेब्रुवारी 2020. गोकुळम केरळ आणि मणिपूरची क्रिफसा. गोकुळमने पहिल्याच मिनिटाला गोल केला, मग दुसरा, वाटलं संपली मॅच. पण क्रिफसाच्या पोरी 2-2 वर आल्या. डांगमेई ग्रेस काय धावते, तिला उजव्या बाजूने येताना बघितलं की मी अजून खुर्चीत पुढे सरकते. आणि मग शेवटी-शेवटी साबित्रा भंडारीने गोल केला, 3-2. साबित्रा नेपाळची. ती इथं खेळायला यायची, आधीच्या वर्षी तमिळनाडूच्या सेतू एफसीला चॅम्पियन करून गेली होती, या वेळी गोकुळमला, लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करून. पुढे ती इस्राएलला खेळली, फ्रान्सला खेळली. आपल्या रिकाम्या स्टेडियममध्ये आपण तिला बघितलंय याचा मला अभिमान वाटतो.

त्या फायनलनंतर सव्वा महिन्यात देश बंद झाला. पुढचा सीझन रद्द. आणि बायकांच्या लीगची पुढची मॅच झाली ती थेट एप्रिल 2022 मध्ये. पुरुषांची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, गोव्यात बायो-बबलमध्ये झाली, दोन वर्षं झाली, आयपीएल तर परदेशात नेऊन झाली. पोरींसाठी तेवढा खटाटोप कुणी केला नाही. इंदुमती कतिरेसन, इंडियाची मिडफिल्डर, तमिळनाडू पोलिसात सब-इन्स्पेक्टर, ती लॉकडाऊनमध्ये चेन्नईत बंदोबस्ताला उभी होती. तिचे फोटो पेपरात आले, लोकांनी कौतुक केलं, करायलाच पाहिजे होतं. मी तो फोटो बघून हाच विचार करत होते की हिचे पाय बॉलशिवाय किती दिवस राहणार.

आणि मधल्या काळातच, 2022 च्या जानेवारीत, बायकांचा एशियन कप आपल्याकडे आला. आपल्याकडे म्हणजे आपल्या महाराष्ट्रात, नवी मुंबई, मुंबई आणि बालेवाडी. जवळपास दोन वर्षं लीग न खेळलेली टीम आशियातल्या बारा टीममध्ये उतरवली. पहिली मॅच इराणशी, 0-0, चान्स होते, गेले. मग टीममध्ये कोविड पसरला आणि 23 जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध उभं करायला तेरा खेळाडू पण उरले नाहीत. मॅच रद्द. स्पर्धेतून बाहेर. यजमान देश, स्वतःच्या ग्राउंडवर, न हरता बाहेर. त्या रात्री मी पुण्यात घरी होते, बालेवाडी माझ्या घरापासून रिक्षाने जाण्याएवढी लांब. मला इतका राग आला होता आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. विषाणूवर काय रागावणार. पण दोन वर्षं लीग नव्हती त्यावर रागावता येतं आणि मी अजून रागावलेली आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमधलं ताश्कंद तर विसरणं शक्यच नाही. भुवनेश्वरचा सीझन गोकुळमने जिंकला होता, ओळीने दुसऱ्यांदा, आणि आशियाच्या क्लब स्पर्धेचं तिकीट मिळवलं होतं. टीम उझबेकिस्तानात उतरली आणि तेवढ्यात फिफाने आपल्या फुटबॉल फेडरेशनवर बंदी घातली. कारण काय, तर दिल्लीत फेडरेशनचा कारभार कुणी चालवायचा यावरचं भांडण. पोरी हॉटेलात बसून. क्लबने पंतप्रधानांना साकडं घातलं, काहीतरी करा म्हणून. खेळू दिलं नाही. बंदी ऑगस्ट संपायच्या आत उठली, पण पोरी तोवर न खेळता परत आल्या होत्या. मी त्यांचे फोटो बघत होते, ट्रॅकसूट घातलेल्या, बॅगा भरलेल्या, चेहऱ्यावर ना धड राग ना रडू. सीझन जिंकून जे मिळवायचं असतं ते त्यांनी मिळवलं होतं, आणि ज्यांनी कधी बॉलला पाय लावला नाही अशा माणसांच्या भांडणात ते गेलं. त्याच ऑगस्टमध्ये मनीषा कल्याण, गोकुळममधूनच सायप्रसच्या अपोलॉनला गेलेली, युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, असं खेळणारी पहिली भारतीय. एकाच महिन्यात दोन्ही बातम्या. आनंद करायचा की काय करायचं असं झालं होतं मला.

मग 2023-24 ला एकदाचं होम-अँड-अवे आलं. सात टीम फक्त, पण प्रत्येकीला स्वतःचं ग्राउंड. त्याच सुमाराला फेडरेशनने किमान पगाराचं पण ठरवलं, प्रत्येक क्लबने निदान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला 3.2 लाखांचा तरी करार द्यायचा. महिन्याचे सव्वीस-सत्तावीस हजार. कमीच आहेत. पण ताईच्या शेजारची पोरगी बीएड करून त्याच्या निम्म्यावर खाजगी शाळेत शिकवते, त्यामुळे मी या आकड्याला नाक मुरडणार नाही. आईबापाला दाखवता येईल असा कागद पोरीच्या हातात आला, ही मोठी गोष्ट आहे. पहिल्यांदाच मला स्क्रीनवर "होम" आणि "अवे" दिसलं. कोझिकोडच्या ईएमएस स्टेडियमचे ओळखीचे स्टँड दिसले. लीग डिसेंबरपासून मार्चपर्यंत पुरली, मध्येच मी कामात अडकले, दोन आठवडे मॅच बघितल्या नाहीत आणि परत आले तर लीग चालूच होती! किती साधी गोष्ट आहे ही, पण तोवर तसं कधी झालंच नव्हतं. गोकुळमची सत्ता मोडून ओडिशा एफसी जिंकली.

पुढच्या वर्षी तर अजून मजा. ईस्ट बंगाल चॅम्पियन. गोकुळमला दोनदा जिंकून देणारे अँथनी अँड्र्यूज त्या सीझनला ईस्ट बंगालचे कोच, आणि कोलकात्याच्या त्या शंभर वर्षांच्या क्लबला राष्ट्रीय लीगचं विजेतेपद मिळालं ते पोरींमुळे, जे पुरुषांच्या टीमला 2004 नंतर जमलं नव्हतं. गोकुळमकडून युगांडाची फाझिला इक्वापुट गोलमागून गोल करत होती, तिला अडवायचं कसं हे कुणाला कळेना. आणि आधीच्या वर्षीची चॅम्पियन ओडिशा एफसी, ती थेट खाली, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. मला ओडिशाचं वाईट वाटलं पण आतून बरंही वाटलं. कारण आता वर चढता येतं आणि खाली पडता येतं, आणि त्यासाठी चौदा-चौदा मॅच मिळतात. एका वाईट दुपारवर काही ठरत नाही.

हे सगळं छान चाललंय असं लिहून मोकळं व्हायची माझी इच्छा आहे, पण तसं नाही. केरळा ब्लास्टर्सचं घ्या. 2023 च्या मार्चमध्ये त्यांच्या पुरुषांच्या टीमने बंगळुरूविरुद्ध प्लेऑफमध्ये रागावून मैदान सोडलं, क्लबला चार कोटींचा दंड झाला, आणि क्लबने खर्च कमी करायला बंद काय केलं तर बायकांची टीम. तात्पुरती म्हणे. मैदान सोडलं कुणी आणि घरी कोण गेलं! 2024 च्या मार्चमध्ये गोव्यात दुसऱ्या डिव्हिजनच्या मॅच चालू असताना हिमाचलच्या क्लबच्या दोन खेळाडूंनी हॉटेलात मारहाण झाल्याची तक्रार केली, तीही फेडरेशनच्याच एका पदाधिकाऱ्याविरुद्ध. ताई मला कधी-कधी विचारते, पोरीला बाहेरगावी पाठवायचं का गं, तेव्हा तिच्या डोक्यात हीच भीती असते. ती फुटबॉलच्या विरोधात नाही. तिला फक्त पोरगी रात्री कुठे झोपणार हे माहीत पाहिजे.

आणि आपण? पहिल्या सीझनला सहा टीममध्ये एफसी पुणे सिटी होती, पुढे तो क्लबच गुंडाळला गेला. मुंबईचं इंडिया रश येऊन गेलं, कोल्हापूर येऊन गेलं. मुंबई सिटीने पुरुषांची आयएसएल दोनदा जिंकली, त्यांची बायकांची टीम या लीगमध्ये नाही. आपल्याकडे पाहुणचार मात्र जोरात. 2022 च्याच ऑक्टोबरमध्ये अंडर-17 वर्ल्ड कपची फायनल नेरूळच्या डी. वाय. पाटीलला झाली, स्पेन आणि कोलंबिया, मी भाचीला घेऊन गेले होते. कोलंबियाच्या पोरीकडून शेवटच्या टप्प्यात स्वतःच्याच गोलमध्ये बॉल गेला आणि स्पेन 1-0 जिंकलं. भाची त्या कोलंबियाच्या पोरीसाठी रडली. परत येताना एक्सप्रेसवेवर गाडीत मला म्हणाली, ह्या स्पेनच्या पोरी घरी जाऊन काय करतात? मी म्हटलं, आपापल्या क्लबकडून खेळतात. पुढच्याच आठवड्यात? हो, बहुतेक पुढच्याच आठवड्यात. मग बराच वेळ गप्प बसली होती.

जुलै 2025 मध्ये इंडियाने चियांग माईला थायलंडला 2-1 हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पहिल्यांदाच क्वालिफायर खेळून एशियन कप गाठला. मी घरात एकटी ओरडत होते. त्या टीममधली बहुतेक नावं मला लीगमुळे ओळखीची होती, आणि ती दोन सलग लांब सीझन खेळून आली होती. लोक म्हणतील नशीब, ड्रॉ, अमुकतमुक. मी म्हणेन चौदा मॅच आणि चार महिने.

गोव्याच्या सेसा अकॅडमीच्या पोरी त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आल्या. आंबोली घाट उतरून गेलं की गोवा, किती लांब आहे? तिथल्या अकॅडमीला जमतं तर आमच्या पेठांना का जमू नये. राज्याची लीग खेळा, जिंका, दुसऱ्या डिव्हिजनला जा, वर या, रस्ता आता कागदावर तरी आहे. ग्राउंड आहे. पायऱ्यांवर बसणारी माणसं आहेत, आणि ती माणसं फुटबॉलला पैसे कमी पडू देत नाहीत हे मी लहानपणापासून बघतीये. पोरांच्या टीमसाठी परप्रांतातले, अगदी आफ्रिकेतले खेळाडू आणणाऱ्या तालमींनी पोरींची एक टीम उभी करावी, कायमची, दरवर्षीची. लागलं तर गणपतीच्या वर्गणीसारखी घरोघर फिरून. कुणी सुरू करणार असेल तर पहिली पावती माझ्या नावाने फाडा, आणि दुसरी ताईच्या, तिला मी विचारलंय.